गावाला विचारायला लावलेले दोन प्रश्न आम्हालाही विचारा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांना,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राची आशा गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशांच्या, आरोग्य स्वयंसेविकांच्या, कामावर देखरेख करणारी. त्याआधी सहा वर्षं मी स्वतः आशा होते. आज माझ्या गटात २२ आशाताई आहेत. आमचे अहवाल दर महिन्याला आपल्या टेबलावर येतात. गरोदर माता किती, बाळभेटी किती, संशयित क्षयरुग्ण किती, मोफत उपचारांची गोल्डन कार्ड किती निघाली. त्या अहवालाच्या कुठल्याच रकान्यात न बसणारी एक गोष्ट, आम्हा आशांच्या मनाचा थकवा आणि चिंता, या पत्रात लिहिते आहे आणि शेवटी काही मागणार आहे. मागणं आपल्या हातातलं आहे, त्यासाठी मुंबईहून मंजुरी यावी लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी एका ताईचे सीबॅक फॉर्म तपासत होते. बीपी, शुगर अशा आजारांचा धोका ओळखायला तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा हा फॉर्म भरायचा असतो, आपल्याला माहीतच आहे. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर, हे सगळं विचारून झालं की शेवटी मनाविषयीचे दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा आवडीच्या गोष्टीत रस वाटेनासा झाला का? उदास, निराश, आता काही खरं नाही असं वाटलं का? अजिबात नाही असेल तर ०, काही दिवस असेल तर १, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर २, जवळजवळ रोज असेल तर ३. दोन्हींची बेरीज ३ च्या वर गेली की त्या माणसाला सीएचओंकडे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे, किंवा डॉक्टरांकडे पाठवायचं.

त्या ताईच्या गठ्ठ्यात साठेक फॉर्म होते. सगळ्यांवर शून्य, शून्य. त्या वर्षी त्या गावचं सोयाबीन उभ्या पावसात कुजलं होतं. दोन घरांत कर्त्या माणसाचं मरण झालं होतं. आणि कागदावर साठ माणसांपैकी एकालाही दोन आठवड्यांत एक दिवससुद्धा उदास वाटलेलं नव्हतं. शून्यांचं वळणही सारखं होतं, एका बैठकीत ओढलेलं.

मी तिला बाहेर कडुलिंबाखाली बोलावलं. रागावणारच होते. तिने माझ्या हातातला गठ्ठा पाहिला आणि म्हणाली, "ताई, मी विचारलंच नाही कुणाला. विचारलं की माणूस बोलायला लागतंय. बोलायला लागलं की ऐकावं लागतंय. माझ्यात ऐकायची ताकदच राहिली नाही आता."

ही बाई कामचुकार नाही. कोरोनात गावाने रस्त्यावर काटे टाकले, तेव्हा बाहेरून आलेल्यांच्या दारात एकटी उभी राहून ताप मोजणारी हीच. एका बाळंतिणीला रात्री अडीच वाजता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून, मांडीवर तिचं डोकं घेऊन दवाखान्यात आणणारी हीच. तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं तेव्हा माझा राग जागच्या जागी विरून गेला. कारण तसंच मला स्वतःला वर्षभर वाटत होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

साहेब, मॅडम, या दुखण्याला नाव आहे. इंग्रजीतून आलेला शब्द बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्याची नोंद आहे. आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणं सांगितली आहेत. अंगातली शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्याच नोंदीत कारणही दिलं आहे. कामाच्या ठिकाणचा बराच काळ चाललेला ताण, जो नीट हाताळला गेला नाही. 'कामाच्या ठिकाणचा' हे शब्द मी अधोरेखित करते. त्या नोंदीत बाई कमकुवत आहे, तिला सोसत नाही, घरचं टेन्शन कामावर आणते, असं कुठे म्हटलेलं नाही.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं, हे मी गेल्या काही वर्षांत २२ बायांमध्ये पाहिलं आहे, म्हणून सांगते. सुरुवात झोपेपासून होते. डोळा लागतो, पण तीन वाजता जाग येते आणि डोक्यात यादी सुरू होते. कुणाची तारीख आली, कुणाचं लसीकरण चुकलं, कोणता फॉर्म ऑनलाइन चढला नाही. मग लेकरांवर ओरडणं वाढतं. मग अंग दुखायला लागतं. पाठ, डोकं, पोटात आग. अशा वेळी ताई आमच्याच केंद्रात येऊन गोळी मागतात, आणि गोळी मिळते, त्यापुढे कुणी काही विचारत नाही. त्यानंतर कामात चुका होऊ लागतात. पाळीची तारीख चुकीची लिहिली जाते, बाळाचं वजन न करताच आकडा टाकला जातो. आपल्याला दिसतात त्या या चुका. त्याच्या आधीचे तीन-चार महिने दिसत नाहीत.

आणि सगळ्यात शेवटी बाई गप्प होते. बैठकीत मोबदल्यावरून, रजिस्टरवरून, अंतरावरून तावातावाने भांडणारी आशा मला कधीच त्रासाची वाटत नाही. ती गप्प झाली, "हो मॅडम, करते मॅडम" म्हणायला लागली की माझ्या पोटात गोळा येतो. बाहेरून ती शहाणी, ऐकणारी दिसते. आतून ती निघून गेलेली असते.

चिंतेचं दुखणं याच्या शेजारीच राहतं, पण ते वेगळं आहे. बर्नआउटमध्ये माणूस विझत जातं. चिंतेत ते सतत पेटलेलं असतं. छातीत धडधड, हाताला घाम, श्वास वरच्या वर, पोट बिघडलेलं, आणि काहीतरी वाईट होणार हा धसका. दोन्ही एकाच बाईत असू शकतात. माझ्यात होती.

माझं सांगते. जानेवारीतली सकाळ होती, मी तालुक्याच्या एसटी स्टँडवर उभी होते. ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बायांची माहिती जुळवायची होती. आमच्या भागातून दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या थेट पाडव्यापर्यंत येत नाहीत. कोण कोल्हापूरकडे, कोण कर्नाटकात. कितव्या महिन्यात आहे, कुठल्या फडावर आहे, लोहाच्या गोळ्या नेल्या का, हे सगळं बंद पडणाऱ्या मोबाइल नंबरवरून शोधायचं. ग्रुपवर मेसेज आला, दुपारी दोनच्या आत माहिती न देणाऱ्यांची नावं वर कळवली जातील. त्यात विशेष काही नव्हतं, असे मेसेज रोज येतात. पण माझे हात गार पडले, बोटांना मुंग्या आल्या, छाती दाबल्यासारखी झाली आणि समोर लागलेल्या गाडीत मला चढता येईना. गाडी गेली. दुसरीही गेली. मी बाकावर बसून राहिले, आता आपण मरणार असं वाटत.

ईसीजी काढला. चांगला आला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. त्यांच्या दृष्टीने ती दिलासा देणारी बातमी होती. मला मात्र घरी जाताना असं वाटलं, की काही नाही तर मग हे काय आहे, आणि सोडायचं कुठे ते कुणी सांगत नाही. घरी सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं काही झालं असेल, दाखवून आणू. त्या वाईट नाहीत. त्या दुखण्याला त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता. मी आरोग्य खात्यात काम करते आणि माझ्याकडेही नव्हता, हे जास्त खरं आहे.

चार महिन्यांनी एका सिस्टरने हाताला धरून सांगितलं, जिल्हा रुग्णालयात जा, तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर बसतात. मी घरी मीटिंग आहे असं सांगून गेले. तोंडाला स्कार्फ बांधून ओपीडीच्या रांगेत बसले. मी आजवर कितीतरी लोकांना "लाजायचं काय त्यात" असं सांगितलं होतं, आणि ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून दाराकडे बघत होते.

तिथल्या डॉक्टरांनी मला जे समजावलं ते मी आता माझ्या ताईंना सांगते. शेतातल्या आखाड्यावरचं कुत्रं चोर आला तर भुंकतं, ते त्याचं कामच आहे. पण त्याला महिनोन् महिने झोपू दिलं नाही तर ते पान हललं तरी भुंकतं. कुत्रं वाईट नाही आणि चोरही आलेला नाही. त्याला पुन्हा झोप आणि भरवसा द्यावा लागतो. गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन आठवडे काहीच फरक वाटला नाही, सोडून देणार होते, पण त्यांनी आधीच बजावलं होतं की फरक कळायला काही आठवडे लागतात आणि गोळी मनाने बंद करायची नाही. समुपदेशक मॅडमनी वहीत लिहायला लावलं. डोक्यातली यादी संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं कागदावर उतरवायची, रात्री तीन वाजता ती आली तर तिला म्हणायचं, उद्या सहाला ये. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. आणि ज्या स्टँडची धास्ती बसली होती, तिथे रोज जाऊन दहा मिनिटं उभं राहायचं, गाडीत चढायचं नाही, नुसतं उभं राहायचं. आठव्या दिवशी मी चढले.

हे सांगताना मला आता लाज वाटत नाही. उशीर झाला याचं मात्र वाईट वाटतं. चार महिने मी २२ बायांवर चिडचिड केली. त्यातल्या एकीने त्या काळात काम सोडलं.

आता त्या दोन प्रश्नांकडे येते. आमच्या भागाला ते नवे नाहीत. २०१५ च्या सुमारास मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करायचं काम आशांकडेच आलं. ते योग्यच होतं. दुष्काळात कोण जेवत नाही, कोण रात्री शेतात जाऊन बसतो, कोणाचं बोलणं बंद झालंय, हे गावात आशाइतकं कुणाला कळतं? मी तेव्हा आशा होते. एका घरात म्हातारी मला म्हणाली होती, "बाई, तू विचारलंस तेच लई झालं." विचारण्याने काय होतं, हे मी तिथे शिकले.

म्हणजे एवढी वर्षं आपण आमच्या हातून गावाचं मन तपासून घेत आहात. आम्ही ते करतो, अभिमानाने करतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली तेव्हा कल्पना अशी होती की गावातल्याच बाईने आपलं पोटापाण्याचं काम सांभाळून हे करावं, म्हणून तिला स्वयंसेविका म्हटलं. आज माझ्या गटातल्या कुठल्याही ताईचा दिवस बघा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात. तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत पुन्हा भेटी. लसीकरण सत्र, मातृवंदनेचे फॉर्म, क्षयरोग, कुष्ठरोग, पोलिओ, जंतनाशक गोळ्या, आरोग्य ओळखपत्राचं आभा कार्ड, आणि जी मोहीम जाहीर होईल ती. बाळभेटींची ही पद्धत मुळात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून पुढे आली. शिकवलं तर खेड्यातली बाईही नवजात बाळाचा जीव वाचवू शकते, हे तिथे सिद्ध झालं. तो विश्वास टाकल्याबद्दल मी कृतज्ञ आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला तेव्हा माझ्या गटातल्या तायांनी डबे एकत्र करून तो दिवस साजरा केला होता. पण माझ्या एवढ्या वर्षांत, एकाही बैठकीत, एकाही अधिकाऱ्याने आम्हाला ते दोन प्रश्न विचारलेले मी पाहिले नाहीत.

एक प्रसंग लिहिते, ठिकाण सांगत नाही. आमच्या भागात एका बाळंतिणीचा रक्तस्रावाने मृत्यू झाला. जिल्ह्याला नेताना वाटेत, १०८ रुग्णवाहिकेत. आशाताई तिच्या पायाशी बसलेली होती. मुलगी तिच्याच गल्लीतली, तिनेच नोंद केलेली, तिनेच प्रत्येक तपासणीला नेलेली. तिसऱ्या दिवशी माता मृत्यूची चौकशी झाली. ती व्हायलाच हवी, कारण पुढची बाई त्याने वाचते. ताईला तारखा विचारल्या. पहिली नोंद कधी, हिमोग्लोबिन किती होतं, घरी भेट दिल्याचा पुरावा काय. तिने सगळं बरोबर सांगितलं. चौकशी संपल्यावर ती व्हरांड्यात आली आणि मी पाहिलं की तिच्या साडीच्या निऱ्यांवर खालच्या बाजूला अजून तो डाग होता. तिच्याकडे बाहेर जायच्या दोनच साड्या, तिसऱ्या दिवशी तीच धुऊन नेसून आली होती. दुसऱ्या दिवशी तिचं लसीकरण सत्र होतं. ती त्या सत्राला गेली. त्या घरावरून जावं लागत होतं, म्हणून ती ओढ्याकडून वळसा घालून गेली. आजही वळसा घालूनच जाते.

तिला त्या दिवशी, किंवा त्या आठवड्यात, तू जेवलीस का, झोप लागते का, असं विचारायचं काम कुणाचं होतं? माझं होतं, असं मी मानते. मी विचारलं नाही, कारण मला तेव्हा माझंच काही सुचत नव्हतं. आणि माझं मला विचारायचं काम कुणाचं होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

म्हणून मागते आहे ते असं.

दर महिन्याच्या आशा बैठकीतला पहिला अर्धा तास अहवालाला न देता तायांना द्या. आकडे नंतर घ्या. त्या अर्ध्या तासात सीबॅकचे तेच दोन प्रश्न प्रत्येकीला चिठ्ठीवर द्या. ते उदासीनतेचे आहेत, चिंतेचे नाहीत, म्हणून चिंतेसाठी जगभर वापरले जाणारे दोन जोडा. घाबरल्यासारखं, अस्वस्थ, ताणल्यासारखं वाटतं का? काळजी करणं थांबवता येत नाही असं होतं का? गुणांची रीत तीच, फक्त इथे बेरीज ३ झाली तरी पुढे बोलायला हवं. आणि पाचवा प्रश्न मी माझ्या अनुभवातून घालीन. ज्या कामाने तुला पूर्वी बरं वाटायचं, ते आता नको वाटतं का? कागदावर गुण आले म्हणजे निदान झालं असं नाही, हे मला माहीत आहे. ते निदान करायला जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचं पथक आहे. तीन महिन्यांतून एकदा ते पथक आमच्या बैठकीला पाठवा. भाषणाला नको. शेवटच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून बसायला.

ज्या ताईला पुढे पाठवायचं तिला तिच्याच केंद्रात पाठवू नका. तिथला शिपाईसुद्धा तिच्या गावचा असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने १८व्या कलमात प्रत्येकाला सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे आणि २३व्या कलमात गुप्ततेचा. गुप्तता नसेल तर त्या हक्काकडे कुणी बाई वळणार नाही. दुसऱ्या तालुक्यात जायची मुभा, त्या दिवसाचा प्रवास कामात धरलेला आणि हजेरीवर कारण न लिहिलेलं, एवढं पुरे.

फोनचं सांगते, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त जोर देते. रात्री आठ ते सकाळी सात ग्रुपवर कामाचा मेसेज नको. बाळंतपण, अपघात, साथ असेल तर फोन करा, आम्ही रात्री दोन वाजताही उचलतो, आजवर उचलत आलो आहोत. पण उद्याच्या फोटोची आठवण, माहितीचा तक्ता, 'अजून किती जणींचं बाकी आहे' ही यादी सकाळी पाठवा. आणि नावं घेऊन ग्रुपवर कुणाला बोलू नका. त्या ग्रुपमध्ये तिची सून असते, तिच्या गावची सिस्टर असते. चूक झाली तर तिला एकटीला फोन करा, माझ्यामार्फत करा, कडक बोला हवं तर. चारचौघांत लाजलेली बाई काम सुधारत नाही, ती फॉर्मवर शून्य ओढायला शिकते.

माता मृत्यू, बालमृत्यू, गावातली आत्महत्या, असं काही घडलं की त्या ताईला तीन दिवस मोकळे द्या आणि त्या दिवसांचं काम शेजारच्या गावच्या ताईकडे मोबदल्यासकट द्या. चौकशीच्या आधी कुणीतरी तिच्या घरी जावं. मी जाईन. मला तो एक दौरा लिहायची परवानगी द्या.

आणि पैसे. हे पत्र मानधनाचं नाही. त्यासाठी २०२४ च्या सुरुवातीला आमच्या भगिनी आझाद मैदानावर बसल्या होत्या, राज्याने काही वाढ दिलीही. पण मनाचं दुखणं आणि पैसा वेगळे नाहीत. मोबदला कमी असण्यापेक्षा तो कधी येणार हे माहीत नसणं झोप उडवतं. किराणा दुकानात उधारी, पोराची फी, बचत गटाचा हप्ता, सगळ्यांना "आले की देते" सांगत फिरणाऱ्या बाईला आपण श्वासाचे व्यायाम शिकवू शकत नाही. वरून पैसे यायला उशीर होत असेल तर तसं बैठकीत स्पष्ट सांगा. अमुक महिन्याचे अजून आलेले नाहीत, अंदाजे अमुक वेळेला येतील. एवढं कळलं तरी ती पुढचं ठरवू शकते.

योगशिबिर, तणावमुक्तीचं व्याख्यान, प्रमाणपत्र, याला माझा विरोध नाही. पण त्या दिवसाचं काम दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येणार असेल तर ते शिबिर घेऊ नका.

हे पत्र माझ्या तायाही वाचतील, म्हणून दोन शब्द त्यांच्याशी. बायांनो, दोन दिवस माहेरी राहून आलं की बरं वाटत असेल, तर तो कामाचा थकवा असू शकतो. पण माहेरीही जेवण गोड लागत नसेल, लेकराच्या हसण्यानेही काही होत नसेल, आणि असे दोन आठवडे गेले असतील, तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. आणि जगणंच नको असं मनात आलं, एकदा जरी आलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मला सांगा. मी येईपर्यंत एकटीने घरात राहू नका, शेजारणीला बोलावून घ्या. आपण दुसऱ्याच्या घरी हेच सांगतो. तेच शब्द आपल्यासाठी वापरायचे आहेत. आणि एकमेकींना फोन कराल तेव्हा पहिलं वाक्य रिपोर्टचं नको.

साहेब, मॅडम, आपल्यावरही वरून आकड्यांचा ताण असतो, हे मी जाणते. आढावा बैठकीहून परत आलेल्या अधिकाऱ्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. हे प्रश्न आपल्यालाही कुणी विचारलेले नसणार. म्हणून हे पत्र रागाने लिहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी परवानगीची वाट न बघता एक गोष्ट केली, ती कळवते. बैठकीत अहवाल सुरू होण्याआधी २२ कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. फळ्यावर पाच प्रश्न लिहिले. नाव घालायचं नाही, नुसते आकडे. घडी घालून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. सुरुवातीला कुजबुज झाली, कुणी एकमेकींच्या चिठ्ठ्या बघायला गेल्या. मग खोली शांत झाली. त्या शांततेत पेनांचा आवाज येत होता. डब्यातले आकडे मी इथे लिहीत नाही, गट लहान आहे, ओळख पटेल. पण सगळ्या चिठ्ठ्यांवर शून्य नव्हतं. बैठक संपल्यावर तिघी थांबल्या, वेगवेगळ्या बहाण्याने. त्यांतली एक ती साठ फॉर्मवाली ताई होती. ती म्हणाली, "ते फॉर्म मला परत द्या, मी पुन्हा जाते. पण सगळे एकदम नको. आठवड्याला पाच घरं करते." मी गठ्ठा तिला परत दिला आणि तिच्या उशिराची जबाबदारी माझ्या सहीने घेतली आहे.

तालुक्याकडून तिला त्या फॉर्मची स्मरणपत्रं येतील. ती कृपया माझ्या नावाने पाठवावीत. आमची पुढची बैठक नेहमीप्रमाणे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, केंद्राच्या सभागृहात, सकाळी अकराला आहे. आपण साडेदहाला आलात तर चिठ्ठ्या वाटायच्या आधी भेट होईल. आपल्यासाठीही एक चिठ्ठी ठेवते.

आपली विश्वासू,
एक आशा गटप्रवर्तक
मराठवाडा